थकबाकीदाराचा आपल्याला राग का येतो?

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



रौप्यमहोत्सव समितीने मला व्याख्यानाचा विषय विचारला, तेव्हा मी निवृत्तीनंतरच्या गुंतवणुकीवर बोलेन अशी त्यांची अपेक्षा होती. बँकेत सदतीस वर्षं काढलेल्या माणसाकडून दुसरी अपेक्षा ती काय असणार! पण व्याजदर सारखे बदलतात. मी आज दिलेला सल्ला स्मरणिका छापून होईपर्यंत शिळा झालेला असेल. म्हणून मी जरा जुना विषय घेतला आहे. किती जुना म्हणाल, तर काही लाख वर्षं तरी.

विषय असा आहे. एखादी गोष्ट चूक की बरोबर, हे आपण ठरवतो कसं? आणि ही ठरवण्याची खोड माणसाला लागली कुठून? गेली काही वर्षं यावर मिळेल ते मी वाचतो आहे. मी शास्त्रज्ञ नाही, वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. पण हिशेब कळतो, आणि हा विषय शेवटी बराचसा देण्याघेण्याचाच आहे. शिवाय आपल्या येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे एक विषय आहे, त्याच्याशी याचा थेट संबंध आहे. ज्यांनी अजेंडा वाचला असेल त्यांनी ओळखलंच असेल. बाकीच्यांना शेवटी सांगतो.

सुरुवात आपल्या मेन्टेनन्सच्या बिलापासून करू. घरी गेल्यावर ते बिल नीट बघा. सेवाशुल्क सर्व फ्लॅटना सारखं आहे. पाण्याचा आकार नळजोड किती आणि केवढे यावर आहे. सिंकिंग फंड बांधकामाच्या खर्चावर टक्केवारीने आहे. आणि लिफ्टचा खर्च त्या विंगमधल्या सगळ्यांना सारखा, तुम्ही लिफ्ट वापरा किंवा वापरू नका. हे सगळं आदर्श उपविधींतून आलेलं आहे. म्हणजे एकाच कागदावर न्यायाच्या तीन तऱ्हा: सगळ्यांना सारखं, वापराप्रमाणे आणि ऐपतीप्रमाणे. आता तळमजल्याचे सभासद म्हणतात, आम्ही लिफ्टची पायरीसुद्धा चढत नाही, आम्ही पैसे का भरायचे? सातव्या मजल्याचे म्हणतात, मग गेटजवळचे दिवे आणि बाग तुमच्याच खिडकीसमोर आहे, त्याचं काय? पंचवीस वर्षं हा वाद मी ऐकतो आहे. त्यात एक गंमत आहे. कुणीही असं म्हणत नाही की ‘यात माझे दोनशे रुपये वाचतात’. सगळे म्हणतात, ‘हा अन्याय आहे’. आणि ते खोटं बोलत नसतात. त्यांना तो अन्याय खरोखर वाटत असतो, तळमळून वाटत असतो.

तर हे वाटणं आधी येतं की कारणं आधी येतात? आपला समज असा की आपण आधी विचार करतो आणि मग निवाडा देतो, न्यायाधीशासारखा. जोनाथन हाइट नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने २००१ साली एक निबंध लिहिला, त्यात त्याने हे उलटं मांडलं. त्याच्या मते निवाडा क्षणात होतो, पोटातून होतो, आणि बुद्धी मागाहून कारणं जमवते. ती न्यायाधीशाचं काम कमी करते आणि वकिलाचं जास्त. त्याने लोकांना काही प्रसंग सांगून प्रश्न विचारले होते. त्यातला एक असा: एका बाईला घरात जुना राष्ट्रध्वज सापडतो. तिला तो नको असतो. ती त्याचे तुकडे करते आणि घरातलं न्हाणीघर पुसायला वापरते. कुणी बघत नाही, कुणाला कळत नाही. हे चूक आहे का? तुम्ही सगळ्यांनी आत्ता जे तोंड वाकडं केलंत, ते मला इथून दिसलं. पण का चूक आहे ते सांगा पाहू. कुणाचं नुकसान झालं? लोक कारणं शोधत राहतात, एकेक कारण पडत जातं, तरी मत हलत नाही. शेवटी म्हणतात, कारण सांगता येत नाही, पण चूक म्हणजे चूक.

या हाइटने सुरुवातीच्या काळात भुवनेश्वरला काही महिने राहून अभ्यास केला होता. त्याच्या आधी रिचर्ड श्वेडर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तिथे बरंच काम केलं होतं, ते १९८७ साली प्रसिद्ध झालं. त्यांनी भुवनेश्वरच्या ब्राह्मण कुटुंबांतल्या आणि शिकागोच्या एका वस्तीतल्या मुलांना आणि मोठ्यांना तेच प्रसंग सांगितले. एक प्रसंग असा होता: वडील गेल्याच्या दुसऱ्या दिवशी थोरल्या मुलाने केस कापले आणि कोंबडी खाल्ली. शिकागोच्या लोकांना यात काही वावगं दिसलं नाही, हौस झाली असेल, खाल्ली. भुवनेश्वरच्या आठ-दहा वर्षांच्या मुलांना मात्र हे अत्यंत गंभीर पाप वाटलं. आपल्याकडेही सुतकात असं कुणी केलं तर काय होईल, हे मी सांगायला नको. म्हणजे काय चूक मानायचं, ते गावागणिक बदलतं. पण ‘चूक’ म्हणून अंगावर जो शहारा येतो, तो दोन्ही ठिकाणी सारखाच. हे यंत्र सगळ्यांकडे आहे, त्यात कागद कुठला घालायचा ते घर आणि गाव ठरवतं.

मग हे यंत्र आलं कुठून?

डार्विनला हा प्रश्न पडला होता. १८७१ साली माणसाच्या उत्पत्तीवरचं त्याचं पुस्तक आलं, त्यात त्याने यावर सविस्तर लिहिलं आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: जो प्राणी कळपात राहतो, ज्याला सोबत्यांची ओढ असते, त्याला पुरेशी बुद्धी आली की सदसद्विवेक येणारच. आणि त्याने एक विलक्षण कल्पना मांडली. माणसं मधमाश्यांसारख्या पोळ्यात वाढली असती, तर अविवाहित मुलींना आपल्या भावांना मारणं हे पवित्र कर्तव्य वाटलं असतं, कुणाला त्यात वाईट वाटलं नसतं. १८७१ साली हे लिहायला छाती लागते. माणसाचं बरं-वाईट माणसाच्या राहणीतून आलेलं आहे, इतकं स्पष्ट तो बोलला.

पण एक गाठ सुटत नव्हती. जो दुसऱ्यासाठी झीज सोसतो तो मागे पडणार, आणि जो नुसतं घेतो तो पुढे जाणार. मग परोपकारी माणसं टिकली कशी? याचं अर्धं उत्तर रक्ताच्या नात्यात आहे. हॅल्डेन हे मोठे जीवशास्त्रज्ञ. एका भावासाठी जीव द्याल का, असं विचारल्यावर ते म्हणाले म्हणे, एका नाही, दोन भावांसाठी किंवा आठ चुलतभावांसाठी देईन. सख्ख्या भावात आपला निम्मा वाटा, चुलतभावात एक अष्टमांश. हिशेब चोख आहे. हे हॅल्डेन १९५७ साली इंग्लंड सोडून भारतात आले, इथलेच झाले, आणि १९६४ साली भुवनेश्वरलाच वारले. आजच्या भाषणात भुवनेश्वर दुसऱ्यांदा आलं, हा योगायोग. त्याच १९६४ साली हॅमिल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने हा नात्याचा हिशेब नीट गणितात मांडला.

पण शेजारी काही चुलतभाऊ नसतात. (काही विंगमध्ये आहेत, आणि तिथे भांडणं जास्त आहेत, ते सोडा.) परक्याला मदत का करायची? याचं उत्तर रॉबर्ट ट्रिव्हर्सने १९७१ साली दिलं, आणि ते वाचताना मला बँकेत बसल्यासारखं वाटलं. आज मी तुझ्या अडचणीला धावतो, उद्या तू माझ्या. मला त्याची किंमत थोडी पडते, तुला त्याचा फायदा मोठा होतो. असा व्यवहार वर्षानुवर्षं चालला तर दोघंही एकेकट्यापेक्षा फायद्यात राहतात. म्हणजे ही बिनकागदाची उधारी. आणि उधारी आली की बुडवणारा आलाच. म्हणून ट्रिव्हर्स म्हणतो, या उधारीची राखण करायला भावना तयार झाल्या. कृतज्ञता म्हणजे घेतल्याची नोंद. अपराधी वाटणं म्हणजे आपल्याकडे बाकी असल्याची आठवण. आणि बुडवणाऱ्याबद्दलचा संताप म्हणजे वसुली खातं.

याचं उदाहरण रक्त पिणाऱ्या वटवाघळांचं आहे. विल्किन्सन नावाच्या संशोधकाने कोस्टारिकात त्यांचा अभ्यास केला, १९८४ साली तो प्रसिद्ध झाला. हे वटवाघूळ सलग दोन-तीन रात्री उपाशी राहिलं तर मरतं, आणि शिकार रोज मिळेलच असं नाही. मग पोट भरलेलं वटवाघूळ उपाशी सोबत्याच्या तोंडात स्वतःच्या पोटातलं रक्त ओततं. ऐकायला किळसवाणं आहे, पण व्यवहार बघा. ते कुणालाही देत नाही. नात्यातल्याला देतं आणि वर्षानुवर्षं एकाच ढोलीत सोबत राहणाऱ्याला देतं. ज्याने पूर्वी दिलेलं असतं, त्याला जास्त मिळतं. केवायसी पूर्ण असल्याशिवाय कर्ज नाही!

२६ जुलै २००५ ची रात्र इथल्या जुन्या सभासदांना आठवत असेल. तळमजल्यात कंबरभर पाणी होतं. बी विंगमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या एका फ्लॅटमध्ये त्या रात्री एकवीस माणसं झोपली होती आणि दोन कुकर आमटी-भात पहाटेपर्यंत लागत होता. लिफ्टच्या खर्चाचा विषय त्या रात्री कुणी काढला नाही. पुढच्या वर्षीच्या सभेत काढला. दोन्ही गोष्टी त्याच माणसांच्या, आणि मला दोन्हीत विसंगती दिसत नाही. अडचणीला धावणं आणि हिशेब ठेवणं एकाच मुळातून आलेलं आहे.

इथे एक खुलासा करतो. तान्ही बाळंसुद्धा मदत करणाऱ्या बाहुलीला पसंत करतात, असा एक प्रयोग फार प्रसिद्ध आहे, येल विद्यापीठातला, २००७ चा. नीती जन्मजात असते हे सांगताना वक्ते तो हमखास देतात. पण पुढे बऱ्याच प्रयोगशाळांनी मिळून तोच प्रयोग हजारावर बाळांवर केला, तेव्हा तशी पसंती दिसली नाही. म्हणून मी तो आधाराला घेत नाही. ताळेबंदात संशयित मालमत्ता धरायची नसते.

माकडांचा प्रयोग मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. सारा ब्रॉस्नन आणि फ्रान्स द वाल यांनी कॅपुचिन जातीच्या माकडांवर तो केला, २००३ साली छापून आला. माकडाने एक बिल्ला परत द्यायचा आणि बदल्यात काकडीचा तुकडा घ्यायचा. माकडं खुशीने हा व्यवहार करत होती. मग शेजारच्या माकडाला त्याच कामाचं द्राक्ष द्यायला सुरुवात केली. झालं! पहिल्या माकडाने काकडी नाकारली. काही माकडांनी तर ती परत फेकून मारली. मघापर्यंत गोड लागणारी काकडी! या प्रयोगाच्या अर्थावर शास्त्रज्ञांत वाद आहेत. माकडाला अन्याय कळला की नुसता द्राक्षाचा मोह झाला, असा. ते वाद मी त्यांच्यावर सोडतो. द्राक्ष मिळालेलं माकड मात्र तक्रार करत नव्हतं, हेही लक्षात घ्या. आपल्याकडेही ज्यांना दोन पार्किंग मिळाली आहेत त्यांनी आजवर पार्किंगच्या वाटपावर आक्षेप घेतलेला नाही.

मला हे माकड वाचताना एक गृहस्थ आठवले. २००८ साली शेतकऱ्यांची कर्जमाफी आली, तेव्हा मी एका ग्रामीण शाखेत होतो. ३१ मार्च २००७ पर्यंत दिलेलं आणि ३१ डिसेंबर २००७ ला थकलेलं शेतीकर्ज त्यात बसत होतं. दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला पूर्ण माफी, त्यावरच्याला एकरकमी परतफेडीत पंचवीस टक्के सूट. यादी लागली त्या दिवशी पासष्टीचे एक शेतकरी माझ्या टेबलासमोर येऊन बसले. त्यांनी ऑक्टोबरात बायकोच्या पाटल्या मोडून कर्ज फेडलं होतं. त्यांच्या बांधाला बांध असलेल्याने काही भरलं नव्हतं, त्याचं सगळं माफ झालं होतं.

मी म्हटलं, “आबा, तुमचं काही कमी झालेलं नाही. तुमचं खातं स्वच्छ आहे.”

ते म्हणाले, “साहेब, पैसे मागायला नाही आलो. मी वेळेवर भरलं हे शहाणपण केलं का येडेपण, तेवढं सांगा.”

काय सांगणार? चहा मागवला, त्यांनी घेतला नाही. हातातली काकडी गोड लागेनाशी झाली होती. पुढे महाराष्ट्रात २०१७ साली जी कर्जमाफी झाली, तिच्यात नियमित फेडणाऱ्यांनाही पंचवीस टक्के, जास्तीत जास्त पंचवीस हजार रुपये, प्रोत्साहन म्हणून ठेवलं होतं. ते ठरवताना असं कुणी आबा एखाद्या टेबलासमोर जाऊन बसलं असावं, असं मला नेहमी वाटतं.

पण गोष्टीची दुसरी बाजूही मला त्याच टेबलावरून दिसत होती. बांधाशेजारचा जो होता, त्याची विहीर आटली होती आणि घरात दोन वर्षं आजारपण होतं. आबांना ते ठाऊक होतं. शेजारीच ना! तरी राग कमी झाला नाही. रागाला एवढंच दिसतं की मी भरलं आणि त्याने भरलं नाही. का भरलं नाही, हा रकानाच त्याच्याकडे नसतो.

आता आपल्या मुद्द्याच्या सगळ्यात जवळचा प्रयोग. एर्न्स्ट फेर आणि सिमोन गेश्टर यांनी झ्युरिकमध्ये २४० विद्यार्थ्यांवर केला, २००२ साली प्रसिद्ध झाला. चौघांचा एक गट. प्रत्येकाला वीस नाणी. वाटल्यास सामाईक पेटीत टाकायची, वाटल्यास स्वतःकडे ठेवायची. पेटीत एक नाणं टाकलं की चौघांनाही प्रत्येकी चाळीस पैसे मिळणार, टाकणाऱ्याला आणि न टाकणाऱ्यालाही. हिशेब करा. सगळ्यांनी सगळं टाकलं तर प्रत्येकाच्या हाती वीसाचे बत्तीस. पण एकट्याने टाकलं तर रुपयाचे चाळीस पैसे. म्हणून न टाकता बाकीच्यांच्या जिवावर बसणारा सगळ्यात फायद्यात. आपल्या भाषेत फुकट्या. सुरुवातीला लोक बऱ्यापैकी टाकतात. मग लक्षात येतं की कुणीतरी फुकट बसलंय. मग तेही हात आखडतात, आणि पेटी रिकामी होत जाते. फुकट्या फार थोडे असतात, पण त्यांच्याकडे बघून भरणारे भरायचे थांबतात.

मग त्यांनी एक मुभा दिली. स्वतःचं एक नाणं खर्च करून तुम्ही दुसऱ्याची तीन नाणी कापू शकता. दर फेरीला गट बदलणार, म्हणजे ज्याला दंड कराल तो तुम्हाला परत भेटणार नाही. तुमचा फायदा शून्य, उलट नाणं गेलं. तरी लोकांनी दंड केला, पदरमोड करून केला. आणि पेटी भरू लागली. दंड का केला असं विचारल्यावर उत्तर होतं राग.

म्हणून थकबाकीदाराचा राग येणं यात मला लाजण्यासारखं काही वाटत नाही. कायदे, उपविधी, उपनिबंधक हे सगळं परवाचं आहे. त्याच्या आधी हजारो पिढ्या माणसाचे लहान लहान गट या रागावर टिकले. हा राग नसता तर आपली टाकी पंचवीस वर्षं भरली नसती.

अडचण आहे ती पुढे. हा राग ज्या परिस्थितीत घडला ती आता नाही. शिकार करून जगणाऱ्या टोळीत माणसं मोजकी असत, जन्मापासूनची ओळख असे. रॉबिन डनबार नावाच्या शास्त्रज्ञाने अंदाज बांधला की माणसाला सुमारे दीडशे जणांचीच खरी ओळख सांभाळता येते. आपले बहात्तर फ्लॅट, धरून चला पावणेतीनशे माणसं. सी विंगच्या सहाव्या मजल्यावर कोण राहतं, हे ए विंगमधल्या किती जणांना ठाऊक आहे? टोळीत शिक्षाही जिभेने सुरू होई. थट्टा, टोमणा, अबोला, आणि फारच झालं तर बहिष्कार. रिचर्ड ली या मानववंशशास्त्रज्ञाने कालाहारीतल्या लोकांसाठी एकदा नाताळला भलामोठा बैल विकत घेतला, तर भेटेल तो त्याला म्हणू लागला, हा काय हाडाडलेला बैल आणलास! बिचारा हिरमुसला. मग बैल कापला तर चरबीच चरबी, दोन दिवस जेवण चाललं. नंतर त्याला कळलं की मोठी शिकार आणणाऱ्याला ते असंच बोलतात, त्याच्या डोक्यात हवा जाऊ नये म्हणून. १९६९ साली त्याने ते लिहून ठेवलं. सांगायचं कारण, तिथे टोमणा मारणारा आणि खाणारा संध्याकाळी एकाच शेकोटीला बसत होते. आज टोमणा मोबाइलच्या ग्रुपवर पडतो, अडीचशे जण वाचतात, आणि शेकोटी कुठेच नसते.

दुसरी अडचण परतफेडीची. ‘जशास तसे’ हे धोरण फार चांगलं मानतात. रॉबर्ट अ‍ॅक्सेलरॉडने संगणकावर वेगवेगळ्या धोरणांच्या स्पर्धा घेतल्या, त्यात हेच सगळ्यात साधं धोरण दोन्ही वेळा पहिलं आलं. १९८४ च्या त्याच्या पुस्तकात ते सगळं आहे. पण पुढे असं दिसलं की त्यात एक खोट आहे. दोघंही ‘जशास तसे’ वागणारे असतील आणि एकदाच चुकून गैरसमज झाला, तर ते एकमेकांना फटके देत राहतात, थांबायचं कसं हेच त्यांना कळत नाही. अधूनमधून माफ करणारं धोरण अशा वेळी सरस ठरतं. ए विंगमधलं कुंडीचं प्रकरण सहा वर्षं का चाललं, याचं याहून चांगलं स्पष्टीकरण मला सापडलेलं नाही.

आणि तिसरी, मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती. झ्युरिकचा नाणी कापण्याचा खेळ गेश्टर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पुढे सोळा शहरांत केला, २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात भारतातलं शहर नव्हतं. बॉस्टन, कोपनहेगनसारख्या ठिकाणी दंड मुख्यतः फुकट्यांनाच झाला. पण अथेन्स, मस्कत अशा काही शहरांत वेगळंच घडलं. तिथे भरपूर टाकणाऱ्यांनाही दंड होऊ लागला. फुकटे उलटून भरणाऱ्यांना कापू लागले. मग पेटीत वाढ होईना. दंडाचं हत्यार तेच होतं. पण दंडाला न्याय न मानता ज्यांनी अपमान मानला, त्यांनी सूड घेतला.

आता अजेंड्यावरचा विषय क्रमांक सात. ‘तीन महिन्यांवरील थकबाकीदारांची नावं, फ्लॅट क्रमांक आणि रक्कम मुख्य गेटवरच्या फलकावर आणि सोसायटीच्या ग्रुपवर लावणे.’ ठराव मांडणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, आणि त्यांचा राग रास्त आहे. खजिनदारांनी दिलेल्या आकड्यांप्रमाणे थकबाकी खरोखरच वाढली आहे. पण मी या ठरावाला आहे तसा पाठिंबा देणार नाही.

गेटवरचा फलक सभासद वाचत नाहीत, त्यांना ते आधीच माहीत असतं. तो दूधवाला वाचतो, पार्सल आणणारा वाचतो, आणि त्या घरातल्या मुलाच्या वर्गातली मुलं वाचतात. ज्याला भरायचंच नाही त्याला फलकाने काही होत नाही, अशी माणसं मी बँकेत बघितली आहेत, त्यांची कातडी जाड असते. ज्याला भरायचं आहे पण जमत नाही, तोच मान खाली घालून जिना चढतो, आणि एक दिवस उलटा फिरतो. बँकांतसुद्धा १९९९ पासून ‘जाणूनबुजून बुडवणारा’ हा वेगळा वर्ग आहे. आणि कुणाला त्या वर्गात टाकायचं तर आधी त्याचं म्हणणं ऐकावं लागतं. पतपेढीचा असो वा सोसायटीचा, थकबाकीदार हा एकच प्राणी नाही, दोन आहेत. आणि मघा म्हटलं तसा, ‘का’ हा रकाना रागाकडे नाही. तो आपल्यालाच आखावा लागतो.

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते मिळालेल्या त्या पहिल्या महिला. सामाईक कुरणं, पाट, जंगलं शेकडो वर्षं टिकवणाऱ्या गावांचा त्यांनी अभ्यास केला. स्वित्झर्लंडमधल्या टोर्बेल गावात १५१७ सालचा नियम आहे: हिवाळ्यात जितक्या गाई स्वतःच्या चाऱ्यावर पोसाल, तितक्याच उन्हाळ्यात कुरणावर सोडायच्या. स्पेनमध्ये वालेन्सियाला पाण्याची तंटे सोडवणारी पंचायत आजही दर गुरुवारी चर्चच्या दारात बसते, सगळं तोंडी, तिथल्या तिथे. अशा टिकलेल्या गावांत ऑस्ट्रॉमबाईंना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. शिक्षा असते, नक्की असते, पण पायरीपायरीने. पहिल्या चुकीला अगदी किरकोळ, वारंवार केली तर वाढत जाणारी. आणि भांडण मिटवायची जागा जवळ आणि स्वस्त असते.

म्हणून विषय क्रमांक सातवर मी एक दुरुस्ती सेक्रेटरींकडे लेखी दिली आहे. ती अशी. थकबाकी तीन महिन्यांची झाली की खजिनदार आणि समितीबाहेरचा एक सभासद यांनी घरी जाऊन भेटावं, कारण विचारावं आणि ते बाहेर बोलू नये. खरी अडचण असेल तर हप्ते बांधून द्यावेत. सहा महिन्यांनी लेखी नोटीस. वर्ष झालं आणि हप्तेही भरले नाहीत, तर नाव आणि रक्कम सर्वसाधारण सभेत, सभासदांसमोर, आणि त्याच सभेत त्यांना बोलायची संधी. त्यानंतर वसुली दाखल्यासाठी उपनिबंधकांकडे अर्ज, मग कुणाचीही भीड नाही. गेटवर आणि ग्रुपवर नाव कधीही नाही. व्याज मात्र उपविधींप्रमाणे पहिल्या दिवसापासून लागेल, आणि ते कुणालाही, कोणत्याही कारणाने माफ होणार नाही. हा शेवटचा मुद्दा काही जणांना कठोर वाटला. मी तो पाटल्या मोडून भरणाऱ्यांसाठी घातला आहे.

दुरुस्तीला सूचक म्हणून माझी सही आहे. अनुमोदकाची जागा अजून रिकामी आहे. कागद आज मी बरोबर आणला आहे, चहाच्या टेबलावर ठेवतो.